पेठदाह, आयोडीन आणि तांबडा रस्सा : फुटबॉलवेडाचं निदान करून हवं आहे

गल्लीतला वैद्य

वैधानिक इशारा : धागाकर्त्याचा वैद्यकशास्त्राशी संबंध मेडिकलवाल्याकडच्या उधारीपुरताच आहे.

मंडळी, उरलेल्या महाराष्ट्रात पोरगं चालायला लागलं की त्याच्या हातात बॅट देतात. कोल्हापुरात पोरगं चालायच्या आधी लाथा मारायला लागतं आणि आज्जी कौतुकानं म्हणते, "डावा पाय बघ की, डावा!" याचा वैद्यकीय खुलासा आजवर कुणी केलेला नाही. म्हणून हा धागा.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. आमच्याकडच्या फुटबॉल संघांची नावं अशी : पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. नवख्याला वाटतं आत लाल मातीत डाव चाललेत. एकेकाळी चालायचेच. शाहू महाराजांच्या आश्रयानं पेठेपेठेतल्या तालमी फोफावल्या, आणि पुढं त्याच तालमींची पोरं चेंडूमागं पळायला लागली. पाटी तालमीची राहिली, चर्चा कॉर्नरची सुरू झाली. आता कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, म्हणजे केएसएची लीग लागली आणि शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की अर्ध्या दुकानांत मालकाच्या जागी मालकाचा मेहुणा बसलेला असतो. त्याला भाव विचारू नका, तो मोबाइलवर स्कोअर बघतोय.

माझं निदान : तीव्र पेठदाह. यकृताला सूज आली की यकृतदाह, तसं हे. लागण बारशालाच होते, कारण पाळण्यात घालायची जर्सी आत्यानं आधीच शिवून आणलेली असते. सामन्याच्या दिवशी रुग्णाला भूक नसते, चहा मात्र किटलीनं जातो. रेफ्रीची शिट्टी आपल्या बाजूनं वाजली तर रंकाळ्यापर्यंत ऐकू येते, विरोधात वाजली तर शेजारी बसूनही ऐकू येत नाही. ऑफसाइड हा आजार फक्त समोरच्या पेठेला होतो. ताप टायब्रेकरला चढतो. सडनडेथला रुग्ण अंबाबाईचं नाव घेतो आणि किक हुकली की रेफ्रीच्या घरच्यांचं.

गंगावेशीत उभ्यानं म्हशीचं धारोष्ण दूध पाजून बघितलं, उतार नाही. उलट ताकद वाढून जास्त ओरडतो.

तर हे येतं कुठनं? रक्तातनं, पाण्यातनं, का रश्श्यातनं? आपापल्या गावचे रुग्ण घेऊन या.

मंगळवारची मिरची

भावा, रक्तगट ऱ्हायला की! आमच्यात ए, बी, ओ असलं काय नसतंय. मंगळवार पॉझिटिव्ह, नाहीतर मग पाव्हणा. शिवाजी पेठेचं रक्त चढवलं तर अंगावर पित्त उठतंय. आमच्या काकाला ऑपरेशनच्या वेळी शुद्धीवर येताना नर्सनं विचारलं, काका बरं वाटतंय का? काका म्हणाला, किती झाले?

अर्ध्या पुतळ्याजवळचा पाव्हणा

मिरचे, रक्त चढवायला आधी अंगात रक्त लागतं. मागच्या हंगामात तुमच्या पोरांच्या पायात जे काय होतं त्याला पाणी म्हणतात. शिवाजी पेठेत ये, फुकट तपासणी करून देतो. गांधी मैदानाला एक चक्कर मारलीस तरी रिपोर्ट कळेल.

सदाशिवकर

धागा मनोरंजक. पण आधुनिक वैद्यकाच्या नादी लागण्यापेक्षा त्रिदोषांकडे पाहावे. कोल्हापूर ही शुद्ध पित्तप्रकृती. तांबडा रस्सा, लवंगी, आणि नव्वद मिनिटांत काय ते उरकायची घाई. गोवा कफप्रकृती. चेंडू पायाशी ठेवतील, इकडे देतील, तिकडे देतील, दुपारची झोप झाली की मग गोल. आमचे पुणे वातप्रकृती. वाताचे स्थान कुठे, तर बोलण्यात. त्यामुळे पुण्यात फुटबॉल खेळणाऱ्यापेक्षा फुटबॉलवर मत असणारे जास्त, आणि ते सगळे इंग्लंडच्या लीगवर.

मंगळवारची मिरची

काका, पुण्याला तुमचा स्वतःचा संघ होता ना? काय झालं त्याचं?

सदाशिवकर

ही जखम उघडी करायची गरज नव्हती. २०१४ ला एफसी पुणे सिटी जन्मला, बालेवाडीत वाढला. २०१९ ला आर्थिक प्रकृती ढासळली आणि त्याच्या जागी इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) हैदराबाद एफसी आला. थोडक्यात, आमचा रुग्ण मेंदूमृत घोषित करून अवयव हैदराबादला प्रत्यारोपित केले. हैदराबादला ते इतके छान लागू पडले की २०२२ मध्ये ते आयएसएल जिंकले. दात्याच्या नातेवाइकांना साधं बोलावणंही नाही.

निशाचर

पुण्यातलाच. काकांनी 'इंग्लंडच्या लीगवर' म्हणून जो टोमणा मारलाय त्याचं वैद्यकीय नाव मी देतो. पाय कापलेल्या माणसाला नसलेला पाय दुखतो ना, तेच हे. मी मँचेस्टरला कधी गेलेलो नाही, पासपोर्ट संपून गेलाय. तरी २०१३ ला मँचेस्टर युनायटेडचे प्रशिक्षक फर्ग्युसन निवृत्त झाले तेव्हापासून माझ्या डाव्या बरगडीखाली दुखतंय. सोनोग्राफीत काही निघत नाही. बायको म्हणते रात्री दीड वाजता वडापाव खाल्ल्यानं होतं. तिला फुटबॉलमधलं काही कळत नाही.

हुगळीकाठची सून

मी मूळची साताऱ्याची, लग्न करून कोलकात्याला आले. तुमचा पेठदाह म्हणजे इथल्या मानानं साधं पडसं आहे हो.

इथं निदान माशावरून होतं. ज्यांचं मूळ पूर्व बंगालात, ते बांगाल. त्यांचा संघ ईस्ट बंगाल, आणि जिंकल्यावर घरी इलिश, म्हणजे हिल्सा. इकडचे मूळचे ते घोटी. त्यांचा मोहन बागान, आणि जिंकल्यावर चिंगडी, म्हणजे कोळंबी, तीही चांगली पंजाएवढी. डर्बीच्या, म्हणजे या दोन संघांच्या सामन्याच्या दिवशी मासळीबाजारातला भाव बघूनच कळतं की हवा कुठल्या बाजूची आहे.

आता आमच्या घरची केस ऐका आणि वैद्यबुवा, जमलं तर औषध सांगा. सासरे घोटी, सासूबाई बांगाल. असं लग्न त्या काळात कसं जुळलं ते कुणी सांगत नाही. डर्बीच्या सकाळी फ्रीझरमध्ये दोन डबे असतात. एकात इलिशचे तुकडे हळद लावून, दुसऱ्यात चिंगडी सोललेली. दोघांपैकी एकच डबा रात्री उघडायचा असा अलिखित करार आहे. सामना सुरू झाला की सासूबाई सोफ्याच्या लाल-पिवळ्या उशीवर बसतात, सासरे पलीकडच्या खुर्चीत, मध्ये माझा नवरा. त्याचे वडील एक आणि आई दुसरी, त्यामुळे तो कुठलाही गोल झाला की उभा राहून लगेच बसतो. हा आजार मी इतरत्र पाहिलेला नाही. बरोबरी झाली तर? त्या रात्री आम्ही बटाटा-पोस्तो, म्हणजे खसखशीतला बटाटा, खातो आणि कुणी कुणाशी बोलत नाही.

या रोगाची साथ कशी पसरली तेही सांगते, कारण त्यात डॉक्टरी काही नाही, निव्वळ अपमान आहे. १९२० साली जोडाबागान क्लबनं मोहन बागानविरुद्धच्या सामन्यात शैलेश बोस नावाच्या पूर्व बंगालच्या खेळाडूला बाहेर बसवलं. क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी स्वतः तिकडचे. ते चिडून बाहेर पडले आणि त्यातून ईस्ट बंगाल उभा राहिला. शंभर वर्षं होऊन गेली, सूज अजून उतरलेली नाही. १९७५ च्या आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालनं मोहन बागानला ५-० नं हरवलं होतं. सासरे त्या वर्षाबद्दल बोलताना आणीबाणीचा उल्लेख करतात, सामन्याचा करत नाहीत.

गल्लीतला वैद्य

वहिनी, दंडवत. नवऱ्याच्या आजाराला आम्ही तात्पुरतं 'उभयपक्षी उठबस' असं नाव देतो. औषध नाही. पथ्य एकच, सामना उभ्यानं बघावा.

मडगावचो पात्रांव

कफ कोणाला म्हणालात हो काका? या एकदा फातोर्ड्याच्या स्टेडियमवर.

खरं शास्त्र मी सांगतो. फुटबॉल येतो आयोडीनमधून. बंगाल बघा, मासे. केरळ बघा, मासे. गोवा तर शित-कडीशिवाय श्वास घेत नाही. आयोडीन गेलं की थायरॉइड तरतरीत, थायरॉइड तरतरीत की पाय आपसूक हलतात. १८८३ साली फादर विल्यम लायन्स नावाचे आयरिश पाद्री शिवोलीला आले, त्यांनी इथं फुटबॉल रुजवला असं सांगतात. पाद्रीबाबांनी बी पेरलं, खत बांगड्याचं होतं. आज फुटबॉल आमचा सरकारमान्य राज्य खेळ आहे. एकट्या धेंपो क्लबनं राष्ट्रीय पातळीवरची लीग पाचदा जिंकलीय, साळगावकर आणि चर्चिलनं दोन-दोनदा. छोटंसं राज्य, मोजा आता.

आमचा जुना आजार वेगळा आहे. विश्वचषक आला की अर्धं गाव पोर्तुगाल, अर्धं ब्राझील. दोघांची भाषा एकच, त्यामुळे शिव्याही एकाच भाषेत देता येतात ही सोय. २०२१ च्या डिसेंबरात कळंगुटला रोनाल्डोचा पुतळा बसवला. काही लोक काळे बावटे घेऊन आले, की १९६१ ला ज्यांना घालवलं त्यांच्याच माणसाचा पुतळा कशाला? आमच्याकडे काय गोलकीपर-फॉरवर्ड नव्हते? प्रश्न बरोबर. ब्रह्मानंद शंखवाळकर, ब्रुनो कुतिन्हो, यांचे पुतळे का नकोत? पण रोग बघा, निषेध करून घरी गेलेली पोरं रात्री सात नंबरची जर्सी घालून झोपली असणार याची मला खात्री आहे. २०२५ मध्ये रोनाल्डोचा सौदी क्लब अल नासर फातोर्ड्याला एफसी गोवाशी खेळायला आला तेव्हा रोनाल्डो आलाच नाही. गावाला जो हृदयभंग झाला त्यावर अजून फेणीचे उपचार चालू आहेत.

कामठी लोकल

काय बोलून राहिले भाऊ तुम्ही! आयोडीन म्हणे. आमच्या कामठीले समुद्र कुठी आहे? जवळात जवळ पाणी म्हणजे कन्हान नदी. तरी नागपुरात फुटबॉल म्हटलं का कामठीचंच नाव निघते, रब्बानी क्लब सगळ्याइले माहीत आहे. मासे-बिसे काही नाही, हा छावणीचा विषाणू आहे. १८२१ मध्ये इंग्रजानं इथं कॅन्टोन्मेंट वसवलं. जिथं जिथं गोरी पलटण तिथं तिथं संध्याकाळी चेंडू. मुंबईचा रोव्हर्स कप १८९१ पासून, आणि सुरुवातीची कितीतरी वर्षं पलटणीच जिंकत. कुंपणाबाहेर उभे राहून बघणाऱ्या पोराइले लागण झाली. सीधी गोष्ट आहे.

सदाशिवकर

कामठीकर, सिद्धांत आकर्षक आहे. पण मग खडकीला छावणी, कॅम्पात छावणी, आणि आम्ही असे कोरडे कसे?

कामठी लोकल

वात, काका. विषाणू उडून गेला.

अर्ध्या पुतळ्याजवळचा पाव्हणा

आयोडीनवाल्यानं जेवून घ्यावं. कोल्हापूरला फुटबॉल ना समुद्रामुळं आला, ना गोऱ्या पलटणीमुळं. आमच्याकडं राजवाडा आणि तालीम. आणि बोकड.

अरबी समुद्र पलीकडून

दुबईहून. इथं माझ्या खोलीत तीन मल्याळी, त्यामुळे केरळचा रिपोर्ट देतो. २०२२ च्या विश्वचषकाआधी कोझिकोडजवळच्या पुल्लावूरमध्ये अर्जेंटिनावाल्यांनी नदीत मेस्सीचा ३० फुटी कटआउट उभा केला. लगेच ब्राझीलवाल्यांनी नेमारचा ४० फुटी. मग पोर्तुगालवाल्यांनी रोनाल्डोचा त्याहून उंच. शेवटी फिफानंही फोटो टाकला.

यावर माझं हार्मोनशास्त्र : मेस्सीला लहानपणी वाढीच्या हार्मोनची इंजेक्शनं घ्यावी लागली होती, हे जगजाहीर आहे. पुल्लावूरला डोस जास्त झाला, आणि शेजाऱ्यांना त्याची लागण झाली. बरं, कोझिकोड कुठं आणि मेस्सीचं रोसारिओ कुठं? ब्यूनस आयर्सला कुणी मल्याळी मामा राहतो म्हणून हे चाललंय असंही नाही.

मंगळवारची मिरची

दादा, कोल्हापुरात पण तेच की! विश्वचषक आला की गल्लीच्या या तोंडाला ब्राझील, त्या तोंडाला अर्जेंटिना. आमच्या घरासमोरच्यांनी पिवळा झेंडा लावला म्हणून पप्पांनी आकाशी-पांढरा लावला. पप्पांना अर्जेंटिना नकाशात दाखवा म्हटलं तर पहिलं बोट ऑस्ट्रेलियावर गेलं. पण २०२२ च्या फायनलला, १८ डिसेंबरला, फ्रान्सविरुद्ध पेनल्टी लागल्या तेव्हा बीपीची गोळी जिभेखाली धरून बसलेले.

गल्लीतला वैद्य

मिरचे, तुझ्या पप्पांनीच धाग्याचं उत्तर दिलं बघ. मी सकाळपासून रक्त, मासे, छावणी सगळं लिहून काढतोय आणि एकही सिद्धांत सगळ्या रुग्णांना लागू पडत नाही. एकच गोष्ट सगळीकडं आहे : समोर कुणीतरी राहतंय. वहिनींच्या घरात तर समोरच्या खुर्चीत राहतंय. कोलकात्यात बांगालाच्या शेजारी घोटी, पुल्लावूरला नदीच्या एका काठाला दोन टोळ्या, आमच्याकडं मंगळवार आणि शिवाजी. जंतू संघात नसतो, समोरच्या झेंड्यात असतो. पप्पांना अर्जेंटिनाची लागण ब्राझीलमुळं झाली.

म्हणूनच पुण्याचा संघ उचलून हैदराबादला नेता आला. बालेवाडीच्या समोर कुणी नव्हतंच. शिवाजी पेठेचा संघ उचलून न्या बघू हैदराबादला. मंगळवार पेठच रस्ता अडवेल, की आमचा शत्रू कुठं नेताय?

अजून एक पुरावा. मधल्या वर्षांत आमच्या संघांनी नायजेरियन खेळाडू आणले. आता त्यांचं रक्त वेगळं, पाणी वेगळं, लहानपण वेगळं. तरी हंगाम मध्यावर यायच्या आत त्यातला एकजण चहाच्या गाड्यावर समोरच्या तालमीचं नाव निघाल्यावर तोंड वाकडं करताना मी बघितलाय. मराठी दोन शब्द येत होते, त्यातला एक इथं लिहिता येणार नाही. रक्ताचा सिद्धांत तिथंच निकालात निघाला.

सदाशिवकर

हे मात्र पटले. (पुणेकराकडून हे वाक्य मिळाल्याची नोंद ठेवावी.) फक्त एक शंका, तुमचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा कुठली पेठ कुणावर चिडली होती?

अर्ध्या पुतळ्याजवळचा पाव्हणा

त्या दिवशी दोन्ही पेठा बऱ्या झाल्या होत्या काका. तात्पुरत्या. संध्याकाळी 'त्याला पहिल्यांदा कुणी खेळताना बघितलं' यावरून परत पडल्या.

खरोखरची डॉक्टर

मी खरोखर डॉक्टर आहे, त्यामुळे रसभंग करायचा हक्क बजावते.

तुम्ही हसताय, पण हे मोजून झालंय. २००६ चा विश्वचषक जर्मनीत होता. म्युनिक परिसरातल्या डॉक्टरांनी हृदयाच्या तातडीच्या केसेस तपासल्या. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी त्या एरवीच्या २.६६ पट निघाल्या, पुरुषांत तर तिपटीहून जास्त. सगळ्यात वाईट काळ सामना सुरू झाल्यापासूनचे पहिले दोन तास. ज्यांना आधीपासून हृदयविकार होता त्यांना धोका आणखी जास्त. अर्जेंटिनाविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना पेनल्टीवर गेला, तो दिवस डॉक्टरांसाठी फार वाईट होता. आणि लक्षात घ्या, तो सामना जर्मनी जिंकली होती. तेव्हा 'आमचा संघ हरला म्हणून' ही सबब चालत नाही.

मिरची, पप्पांना गोळी जिभेखाली धरायला कुणी सांगितलं? बीपीच्या सगळ्याच गोळ्या तशा घ्यायच्या नसतात. त्यांना डॉक्टरांकडे ने, पुढच्या विश्वचषकाआधी. गंमत नाही करत.

मंगळवारची मिरची

नेते ताई. त्यांनी अट घातलीय, डॉक्टर शिवाजी पेठेतला नको.

निशाचर

ताई, माझी बरगडी?

खरोखरची डॉक्टर

वडापाव.

उंचावरून बोलतोय

उशिरा आलो. उंचीचा सिद्धांत कुणीच मांडला नाही? बोलिव्हियाचं ला पाझ साडेतीन हजार मीटरच्या वर आहे. पाहुण्या संघाला धाप लागते म्हणून फिफानं मध्यंतरी अशा उंचीवरच्या सामन्यांवर बंदीही घातली होती, नंतर उठवली. १ एप्रिल २००९ ला मॅराडोना प्रशिक्षक असताना अर्जेंटिना तिथं ६-१ नं हरली. तारखेमुळं अर्ध्या जगाला थट्टा वाटली असेल.

माझी सूचना : पुढचा अंतिम सामना पन्हाळ्यावर ठेवा. ज्या पेठेच्या समर्थकांना वर चढून गेल्यावरही ओरडायला दम उरेल ती विजेती.

अर्ध्या पुतळ्याजवळचा पाव्हणा

पन्हाळ्यावर आम्ही दर रविवारी सायकलनं जातो. मंजूर.

मंगळवारची मिरची

सायकलनं जातो म्हणे. झुणका-भाकर खाऊन टेम्पोनं परत येतोस, बघितलंय.

हुगळीकाठची सून

वैद्यबुवा, मी अख्खा धागा सासूबाईंना बंगालीत करून सांगितला. 'समोरच्या झेंड्यात जंतू' हे ऐकून त्यांनी सासऱ्यांकडे बघितलं आणि म्हणाल्या, पन्नास वर्षं मी हेच सांगतेय. त्यांची एक शंका आहे. कोल्हापुरात जिंकल्यावर कुठला मासा करतात?

गल्लीतला वैद्य

काकूंना नमस्कार सांगा. मासा नाही, बोकड. आणि हरल्यावर पण बोकडच, फक्त वाढताना कोण बोलत नाही.